पहिल्यांदाच स्कूबा करताय? ऑपरेटर निवडताना या चुका टाळा

सोयाबीन विकून झालं, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, की आपल्या तालुक्याच्या गावांमधून मालवण-गोव्याकडे ट्रॅव्हलर निघतात. दहा-बारा जणांच्या त्या घोळक्यात एक-दोघं तरी असे असतात, ज्यांना स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली श्वास घेत फिरणं, करून पाहायचं असतं आणि पाण्याचा धाकही वाटतो. असा माणूस खाली जाऊन मजेत मासे बघून येईल की अर्ध्यातून परत फिरेल, हे बरंचसं त्याला पाण्यात नेणाऱ्यावर ठरतं.

जेटीवर उभं राहून फक्त भाव विचारणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. गाडीतून उतरलं की चार जण गाठतात, स्कूबा, पॅरासेलिंग आणि बनाना राईड मिळून एक आकडा सांगतात, आपण शंभर-दोनशे कमी करून घेतो आणि होडीत बसतो. त्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: "भाऊ, खोल पाण्यात न्यायच्या आधी किती वेळ शिकवणार, आणि कुठे?"

बरं उत्तर असं असतं: स्विमिंग पूलमध्ये किंवा छातीभर शांत पाण्यात, जिथे पाय टेकतात तिथे, अर्धा तास तरी. त्यात तीन गोष्टी करून घेतल्या पाहिजेत. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं साधन) तोंडात धरून पाण्याखाली श्वास घेणं, रेग्युलेटर तोंडातून काढून परत लावणं, आणि मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढणं. "होडीतच सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे" असं उत्तर आलं, तर पुढचा ऑपरेटर पाहा.

याचं कारण साधं आहे. नाक मास्कमध्ये बंद आणि तोंड पाण्यात, अशा वेळी पहिल्यांदा शरीर श्वास घ्यायलाच तयार होत नाही. श्वास तोकडा होतो, छाती भरून आल्यासारखी वाटते. पाय टेकत असतील तर माणूस उभा राहतो, दम घेतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. चार-पाच वेळा झालं की मन मानतं. हेच पहिल्यांदा खोल पाण्यात झालं तर हातपाय झाडणं सुरू होतं, आणि तिथून माणूस पुन्हा पाण्यात उतरायला तयार होत नाही.

दुसरा प्रश्न माणसांचा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? भीती वाटत असेल तर एकास एक मागा, आणि तो पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर राहणार का तेही विचारा. त्याचं पाडी किंवा एसएसआय या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं कार्ड बघायला मागण्यात संकोच करू नका. पाडीच्या नियमानुसार पहिल्या अनुभवाच्या डाइव्हसाठी वय किमान १० वर्षं आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. आठ वर्षांच्या लेकरालाही समुद्रात न्यायला तयार असणारा ऑपरेटर तुमच्या बाबतीतही नियम पाळणार नाही.

सगळे पैसे आधी देऊ नका. पूर्ण रक्कम भरली की पाण्यात नको वाटत असतानाही माणूस पैशांपायी रेटतो. "उथळ पाण्यात शिकून झाल्यावर मी नाही म्हटलं, तर किती परत द्याल?" हे बुकिंग करतानाच ठरवून घ्या.

"मला विहिरीत पोहता येतं" हा भरवसा

गावच्या विहिरीत, बोडीत, मामा तलावात सूर मारणाऱ्यांना वाटतं की स्कूबा म्हणजे तेच, फक्त सामान जास्त. विहिरीत पडलेली बादली काढताना आपण छातीभर हवा घेऊन श्वास रोखतो. स्कूबात नेमकी हीच सवय घातक ठरते. पाण्यात १० मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छातीत घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर ती फुगत दुप्पट होऊ पाहते, आणि फुप्फुसाला इजा होते. त्यामुळे स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही, सावकाश घेत-सोडत राहायचं. ज्याला मुळीच पोहता येत नाही तो कधीकधी हा नियम लवकर शिकतो, कारण त्याला जुनी सवय मोडायची नसते. ऑपरेटरने ही एक गोष्ट सांगितली नाही, तर त्याने काहीच शिकवलं नाही असं धरा.

फॉर्मवर सगळीकडे "नाही" लिहिणं

चांगला ऑपरेटर आरोग्याचा फॉर्म भरून घेतो. त्यातल्या काही प्रश्नांना "हो" आलं तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती किनाऱ्यावर ऐनवेळी मिळत नाही. म्हणून दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, मधुमेह, बीपीची गोळी, कानाचं ऑपरेशन यातलं काही असेल तर निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना दाखवून लेखी घ्या. गरोदर बाईने स्कूबा करूच नये. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. रुग्ण असाल किंवा वाहक, ते लपवू नका. अंगातलं पाणी कमी होणं आणि थंडी, या दोन्हींनी सिकलसेलचा त्रास उसळू शकतो, आणि समुद्रावरच्या दिवसात दोन्ही गोष्टी होतात.

सर्दीला तर कोणी आजारच मानत नाही. रात्रभर एसी गाडीत बसून नाक चोंदलं आणि सकाळी डाइव्ह, हा नेहमीचा प्रकार. खाली जाताना पाण्याच्या दाबाने कान दडपतात, आणि नाक चोंदलेलं असलं की ते मोकळे होत नाहीत. घरीच करून बघा: नाक चिमटीत धरा, तोंड मिटा, हळूच फुंकर मारा. दोन्ही कानांत "टक" झालं तर ठीक. जोर लावू नका. पाण्यातही हेच करायचं, दुखायच्या आधीपासून, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखलंच तर तिथेच थांबायचं, थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. तरीही मोकळा झाला नाही तर डाइव्ह तिथेच संपवायची. घाईने खाली ओढणाऱ्या इन्स्ट्रक्टरमुळे सगळ्यात आधी कानच दुखावतात.

सामान न बघता अंगावर चढवणं

सिलिंडरला सगळेच "ऑक्सिजन" म्हणतात. त्यात असते दाबून भरलेली साधी हवा. खरा ऑक्सिजनचा संच आणीबाणीसाठी वेगळा लागतो. तो होडीत आहे का ते विचारा, आणि दाखवायला सांगा.

मग दाबाचा काटा पाहा. भरलेला सिलिंडर साधारण २०० बार (दाब मोजायचं एकक) दाखवतो. काट्यावर नजर ठेवून रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली पडून परत वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, लगेच सांगा. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर पाण्यात उतरूच नका. मास्कसाठी पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हवा ओढा, चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशा दाट असतील तर नाकाखालून पाणी झिरपतं. नाकाखालचे तेवढे केस आदल्या रात्री कातरून घ्या. चष्मा आत घालता येत नाही, म्हणून नंबरचा मास्क मिळेल का ते बुकिंग करतानाच विचारा.

काही ठिकाणी सिलिंडर होडीतच राहतो आणि लांब नळीने हवा येते. तोही एक अनुभव आहे, पण पैसे पाठीवरच्या सिलिंडरचे घेत असतील तर आधी स्पष्ट करून घ्या.

अंगठा दाखवणं

कॅमेरा समोर आला की आपला अंगठा आपोआप वर जातो. पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर न्या" असा होतो, आणि इन्स्ट्रक्टर खरोखर वर नेतो. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. काही खटकत असेल तर हाताचा पंजा आडवा धरून डुलवायचा आणि दुखतं तिथे बोट दाखवायचं.

परतीच्या दिवशी डाइव्ह ठेवणं

विमानाने परतणाऱ्यांनी एका डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि एकाहून जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास थांबायचं असतं. साधारण ६०० मीटरपेक्षा उंच जायचं असलं तरी हाच हिशेब धरतात, आणि मालवणहून गाडीने निघालं की आंबोली घाट सुमारे ७०० मीटरवर आहे. म्हणून स्कूबा पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. आदल्या रात्री दारू नको, तर्रीचं जड जेवणही नको. सकाळी दोन तास आधी पोहे-केळं एवढं पुरे. आणि त्या दिवशी समुद्र खवळलेला निघाला, तर दुसरा दिवस हाताशी उरतो.