घरचा माणूस मारला गेला, तर कागद कसे उभे करायचे

बावीस वर्षांपासून मी नागपुरात, सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयाजवळ टाइपिंगचं टेबल लावून बसतो. भाडेकरार, नावबदल, वारसाची प्रतिज्ञापत्रं हे रोजचं काम. पण वर्षातून चार-पाचदा गडचिरोलीकडून रात्रीच्या एसटीनं आलेली माणसं सकाळी गणेशपेठ स्टँडवरून सरळ माझ्या टेबलाशी येतात. त्यांच्या घरचं कुणी मारलं गेलेलं असतं. कधी पोलिसांच्या गोळीनं, कधी नक्षलवाद्यांनी रात्री घरातून उठवून नेऊन. मी वकील नाही. पण कोणता कागद नव्हता म्हणून प्रकरण मेलं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी मारलेल्याच्या माणसाचं बोलणं पूर्ण ऐका, आणि तसंच लिहा. एका मे महिन्यात एटापल्लीकडचे एक म्हातारे बाबा आले. मराठी तोडकं, म्हणून पुतण्या सोबत. बाबा माडिया या त्यांच्या भाषेत चांगली पाच मिनिटं बोलले. पुतण्यानं मला सांगितलं, "यांचा पोट्टा चकमकीत मेला, तेवढं लिहा भाऊ." मी हात थांबवला. म्हटलं, बाबा एवढं बोलले आणि तू एका ओळीत आटपतोस? एकेक वाक्य सांग. मग निघालं ते असं: पोरगा पहाटे तेंदूची पानं तोडायला गेला, दुपारी पुडके बांधून मुन्शीकडे, म्हणजे ठेकेदाराच्या हिशेबनिसाकडे, मोजून दिले, मुन्शीनं वहीत नाव लिहिलं, आणि संध्याकाळी पोलीस पाटलाकडून मृतदेहाचा निरोप आला. पोलिसांच्या कागदावर पोरगा सकाळपासून जंगलात दलमसोबत, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीसोबत होता. मुन्शीच्या वहीत तो दुपारी पुडके मोजत होता. "चकमकीत मेला" एवढंच टाइप केलं असतं, तर ती वही कुणालाच कळली नसती. "चकमक" हा शब्द घरच्यांच्या अर्जात घालू नका. काय पाहिलं, काय ऐकलं, कुठे, किती वाजता, एवढं लिहा. निष्कर्ष कोर्टाला काढू द्या.

पोलिसांच्या गोळीनं माणूस गेला असेल, तर एक तारीख पाठ करा: २३ सप्टेंबर २०१४. पीयूसीएल (मानवी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या दिवशी सोळा नियम घालून दिले, आणि ते देशभर लागू आहेत. एफआयआर झालाच पाहिजे. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, गोळी झाडणाऱ्या पथकातल्यांनी नाही. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचं, त्याचं चित्रीकरण करून ते जपायचं. जवळच्या नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. दंडाधिकारी चौकशी व्हायलाच हवी. तिचं कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १७६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९६. हे पाळलं नाही, तर घरच्यांना थेट त्या भागाच्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. हा शेवटचा नियम मी आजवर एकाही घरच्याला आधीपासून माहीत असलेला पाहिलेला नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

मृतदेह ताब्यात घेताना अंगावर काय कपडे आहेत ते पाहा, घरून निघताना कोणते होते ते आठवा. जखम जिथे आहे तिथे कपड्याला भोक आहे का, हेही पाहा. फोटो काढा, पण फॉरवर्ड करत सुटू नका. ज्या मोबाइलवर काढले तो मोबाइल जपा, मूळ फाइल पुसू नका. कोर्टात तिच्यासोबत नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. कपडे धुऊ नका. न वाचता सही किंवा अंगठा देऊ नका. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

दंडाधिकारी चौकशीची नोटीस बहुतेकदा वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते: ज्यांना माहिती असेल त्यांनी अमुक तारखेपर्यंत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे निवेदन द्यावे. गावात तो पेपर पोचतच नाही. मुदत निघून जाते आणि अहवालात लिहिलं जातं, "कोणीही पुढे आले नाही." म्हणून वाट पाहू नका. पहिल्या आठवड्यातच दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवा की आम्हाला म्हणणं मांडायचं आहे, आम्हाला बोलवा. आणि पोच घ्या. आवक-जावक क्रमांकाचा शिक्का तुमच्या प्रतीवर पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का मिळत नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा, पावती अर्जाला टाचणीनं लावून ठेवा.

बऱ्याचदा ठाण्यात एकच एफआयआर असतो, आणि त्यात आरोपी म्हणून मेलेल्याचंच नाव असतं. घरच्यांची तक्रार वेगळी द्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली. ठाण्यात घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना डाकेनं. तरी काही झालं नाही, तर कलम १७५ खाली कोर्टातल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह. नव्या कायद्यात सरकारी नोकराविरुद्धच्या तक्रारीत त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणंही विचारात घेतलं जातं. म्हणजे तुमचं पहिलं निवेदन ढिलं असेल तर इथेच मार खाल. आदिवासी माणसाला आणि कोणत्याही बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

मानवाधिकार आयोगाकडे तक्रारीला फी नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत जायला हवं. एक गोष्ट नीट शोधून लिहा: गोळी कुणाच्या तुकडीची होती. सी-६० हे राज्य पोलिसांचं नक्षलविरोधी पथक, त्याची चौकशी आयोग करू शकतो. सीआरपीएफसारखं केंद्राचं दल असेल, तर आयोग केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो, स्वतः चौकशी करत नाही. मग कोर्टाचा रस्ता आधी धरा.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच जड आहे. "पोलिसांचा खबऱ्या" म्हणून नक्षलवाद्यांनी मारलेल्याचे घरचे टेबलाशी येतात तेव्हा आवाज आणखी खाली असतो. मृतदेहापाशी पत्रक ठेवलेलं असतं. ते उचलू नका, पंचनाम्यात जप्त होऊ द्या, लांबून फोटो घ्या. गावच्या ठाण्यात जायची भीती असेल तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात, अगदी नागपुरातही होतो. नक्षल हिंसाचारात गेलेल्या नागरिकाच्या कुटुंबाला केंद्राच्या योजनेतून मदत मिळते, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. पण पैसे मिळाले म्हणजे खटला संपला असं समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपतीनं साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बंदुका खाली आल्या हे फार चांगलं झालं, मनापासून म्हणतो. पण अशाच वेळी जुन्या फायली बंद होतात. ज्यांच्या घरी खून झालाय त्यांनी आत्ताच माहितीच्या अधिकारात विचारावं: आमच्या गुन्ह्याचा तपास कुठे आहे, आरोपपत्र दाखल झालं का, झालं नसेल तर का नाही.

आंध्रात के. बालगोपाल होते, गणिताचे प्राध्यापक, पुढे वकील. पोलिसांच्या खोट्या चकमकींविरुद्ध आयुष्यभर लढले, आणि नक्षलवाद्यांनी केलेल्या हत्यांवरही तितक्याच परखडपणे बोलायला हवं म्हणून जुन्या संघटनेतून बाहेर पडले. माझ्या टेबलावर दोन्हीकडची माणसं येतात, म्हणून मला ते फार पटतं. फाइल करताना मेलेला कोणत्या बाजूचा हे विचारू नका.

साक्षीदाराचं नाव अर्जात लगेच घालू नका, आधी वकिलाशी बोला. धमकी असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. त्या समितीवर जिल्हा न्यायाधीश असतात.

हे सगळं करून काय होतं, असं लोक विचारतात. मणिपूरमध्ये मारल्या गेलेल्यांच्या बायका-आयांनी नावं गोळा केली, १,५२८ जणांची यादी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयानं नेमलेल्या समितीनं सहा प्रकरणं तपासली, सहाही खोट्या चकमकी निघाल्या. जुलै २०१७ मध्ये सीबीआयला तपासाचा आदेश झाला. त्या यादीतलं एकेक नाव आधी कुणाच्या तरी घरातल्या कागदावर होतं.

तीन संच करा. एक घरी, पत्र्याच्या डब्यात, कारण पावसाळ्यात वाळवी लागते. एक वकिलाकडे. एक गावाबाहेरच्या, शक्यतो शहरातल्या नातेवाइकाकडे. त्या बाबांचा तिसरा संच माझ्या कपाटात आहे, मुन्शीच्या वहीच्या पानाच्या झेरॉक्ससह. दर तारखेच्या आधी पुतण्याचा फोन येतो, मी नकलेचा अर्ज भरून ठेवतो.