कर्करोग संशोधनाला देणगी देताना या चुका टाळा

आई २०१८ साली गेली. तिच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ घालण्यापेक्षा कर्करोगाच्या संशोधनाला देणगी द्यावी असं मनात आलं, म्हणून ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी माझ्या खात्याचा क्यूआर कोड टाकला. २३ घरांतून पैसे आले. सगळ्यांचे मिळून एकच चेक मी संस्थेला दिला आणि चांगलं काम झालं या समाधानात राहिले. रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका फाइल घेऊन दारात. "अगं, माझी पावती कुठंय?"

पावती एकच होती. पैसे माझ्या खात्यातून गेले, म्हणजे देणगीदार मी, पॅन माझा. संस्थेला विनंती केली, पण त्यांना तरी काय करता येणार? ज्या खात्यातून पैसे आले त्याच नावाने नोंद होते. काका काही बोलले नाहीत, फाइल काखेत मारून निघून गेले. मला ते फार लागलं.

तेव्हा वर्गणी स्वतःच्या खात्यात गोळा करू नका. ग्रुपवर संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरचं देणगीचं पान द्या, प्रत्येकाने आपापल्या खात्यातून, आपला पॅन भरून पैसे पाठवावेत. कुणाच्या स्मरणार्थ द्यायचे असतील तर तसं संस्थेला कळवता येतं.

पैसे नक्की कुणाला जातायत?

ठाण्यात टीएमसी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महापालिका येते. टाटा मेमोरियल सेंटरचं संक्षिप्त नावही तेच आणि त्यांचं संकेतस्थळ टीएमसी डॉट गव्ह डॉट इन. परळचं टाटा रुग्णालय आणि खारघरचं अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, दोन्ही याच संस्थेची. मोठ्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन फिरणारे मेसेज येतात, त्यांत एखाद्या लहान मुलाचा फोटो असतो आणि आपला हात आपोआप फोनकडे जातो. यूपीआयचा पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं. तिथे संस्थेऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर संकोच न करता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. यात एकेक तास महत्त्वाचा असतो.

करसवलतीचा घोळ

नवी करप्रणाली निवडली असेल तर देणगीवरची आयकरातली (८०जीची) वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरची रोख देणगी धरत नाहीत आणि वस्तू दिल्या तर त्यांचीही सवलत नाही. बऱ्याच संस्थांच्या बाबतीत निम्मीच रक्कम वजा होते. मान्यताप्राप्त संशोधन संस्थांसाठी वेगळं कलम आहे, त्यात पूर्ण रक्कम वजा होते, मात्र धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असलेल्यांना ते लागू नाही. म्हणून पैसे देण्याआधीच विचारून घ्या, पावती कोणत्या कलमाखाली मिळणार. आता साधी पावती पुरत नाही, संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्रही मिळायला हवं. त्यात पॅन चुकला असेल तर लगेच कळवा, संस्थेला दुरुस्ती करता येते.

परदेशातला भाचा देणगी देणार असेल तर आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीचे असतील तर अडचण नाही. अमेरिकन असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, त्यासाठीच्या ठरावीक खात्यात द्यावी लागते. "मामी, तुझ्या खात्यात टाकतो, तू पुढे दे" हा मार्ग नको.

नुसतं "कॅन्सरसाठी" लिहिणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. रुग्णालयाकडे गरजू रुग्णांचे उपचार, यंत्रसामग्री, संशोधन अशा वेगवेगळ्या कामांसाठी पैसे येतात. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर संस्था तिच्या गरजेप्रमाणे ते वापरते. त्यात गैर काहीच नाही, रुग्णाच्या औषधाला पैसे लागतातच. पण तुमच्या मनात संशोधन असेल तर "ही रक्कम संशोधनासाठी" असं देतानाच लेखी कळवा आणि पावतीवर काय आलंय ते त्याच आठवड्यात बघा. वर्ष उलटल्यावर ते बदलणं अवघड जातं.

आणि एकदा दिल्यावर सहा महिन्यांत "आमच्या पैशांचं काय झालं?" म्हणून मागे लागू नका. हिशेब जरूर मागा, तो आपला हक्क आहे. निकाल मात्र असे मिळत नाहीत. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली झालेली एक चाचणी बघा. दात काढताना बधिर करायला देतात ते लिग्नोकेन, अगदी स्वस्तातलं औषध. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी ते गाठीभोवती टोचलं तर फरक पडतो का, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी ११ रुग्णालयांतल्या सुमारे १,६०० स्त्रिया सहभागी झाल्या. सुरुवात २०११ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले २०२३ मध्ये. इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी सहा वर्षांनी ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के.

अशा कामात खर्च औषधावर होत नाही. वर्षानुवर्षं त्या बायकांना फोन करणं, पत्ता बदललेल्यांना शोधून काढणं, तपासणीला बोलावणं, एकेक नोंद ठेवणं, यासाठी माणसं लागतात आणि त्यांना पगार लागतो. देणगीच्या पाटीवर लावता येईल असं यात काहीच नसतं. म्हणून एकदम मोठी रक्कम देऊन विसरण्यापेक्षा दर वर्षी झेपेल तेवढी द्यावी असं मला वाटतं. काकाही आता दर जूनमध्ये देतात, स्वतःच्या खात्यातून.

आईची शस्त्रक्रिया २००९ साली झाली होती, ही चाचणी सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी.