ऐतिहासिक रहस्यकथेतली डिटेक्टिव्ह बाई: या चुका टाळा

जुन्या मुंबई-पुण्यात घडणाऱ्या रहस्यकथा हल्ली बऱ्याच जण लिहायला घेतात आणि शोध लावणारी बाईच असावी असं त्यांना वाटतं. छान आहे. पण मग पहिल्या चार पानांतच ही नायिका 1890 साली रात्री दहाला एकटी गिरगावातून भायखळ्याला जाते, ठाण्यावर फौजदाराला चार शब्द सुनावते, प्रेत बघून परत येते आणि घरी कुणी 'कुठे होतीस?' एवढंही विचारत नाही. वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. बाई धीट असल्याचं त्याला वावडं नसतं, तिला काहीच आडवं येत नाही हे खटकतं. रहस्यकथा अडथळ्यांवर चालते. त्या काळाने ते ढिगाने दिलेले असताना ते आपणच उचलून बाजूला ठेवायचे, ही मूळ चूक. बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटच्या.

स्वातंत्र्याचा हिशोब न देणं

नायिका स्वतंत्र आहे म्हणजे नेमकं काय? घरभाडं कोण भरतं? टांग्याचे पैसे कुठून येतात? नवरा, सासर, भाऊ, समाज यांच्यापैकी कोण गप्प बसलंय आणि का?

खऱ्या बायकांकडे बघा. नाशिकला जन्मलेल्या आणि पुढे वकील झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, पहिल्या आल्या. इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून नाकारली गेली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले तेव्हा 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. रखमाबाईंना वडिलांची मालमत्ता मिळालेली होती. बालपणी लग्न झालेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला, तो कोर्टात गेला आणि 1887 मध्ये हायकोर्टाने सांगितलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये मोजून तडजोड झाली. खटला चालू असताना 'अ हिंदू लेडी' या नावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिणाऱ्या त्याच.

मालमत्ता, टोपणनाव, कोर्टाचा हुकूम, तडजोडीची रक्कम. रहस्यकथेला आणखी काय हवं? पण लेखक हे सोडतो आणि 'ती लहानपणापासूनच बंडखोर होती' या एका वाक्यावर भागवतो.

सालाची गफलत

ही चूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त होणारी. 1905 साली मुंबई हायकोर्टात काळा कोट घालून युक्तिवाद करणारी नायिका चालणार नाही. कॉर्नेलियाबाई 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा पास झाल्या, पदवी हातात पडायला 1922 उजाडलं. बायकांना वकिलीचा दरवाजा उघडणारा कायदा 1923 चा, आणि मुंबई हायकोर्टात मिठन टाटा या पहिल्या स्त्री वकील आल्या 1924 मध्ये. तुमची कथा 1921 ची असेल तर नायिका वडिलांच्या किंवा भावाच्या फर्ममध्ये कागद वाचेल, बायका-अशिलांच्या घरी जाईल, मुद्दे काढून देईल आणि कोर्टात मागच्या बाकावर बसून आपलेच मुद्दे दुसऱ्याच्या तोंडून ऐकेल. यातला ताण युक्तिवादाच्या प्रसंगापेक्षा मोठा आहे.

डॉक्टरणीच्या बाबतीत मात्र बरीच मोकळीक मिळते. मुंबईचं कामा हॉस्पिटल 1886 चं, बायकांसाठी आणि बायकांनी चालवलेलं. एडिथ पीची या पहिल्या प्रमुख डॉक्टर. नायिकेला विषबाधेची माहिती हवी असेल तर ती इथून येऊ द्या.

मुंबईत विजेची ट्राम 1907, विजेची लोकल 1925, बोटांच्या ठशांचा विभाग कलकत्त्यात 1897. 1888 च्या कथेत पेल्यावरचे ठसे नकोत.

माजघर कथेबाहेर ठेवणं

नायिकेला पुरुषवेशात दारूच्या गुत्त्यात पाठवायची लेखकांना भारी हौस. खोटी मिशी लावून कुठल्याही गुत्त्यात जाता येत नाही हे सोडा. खरी गंमत वेगळीच आहे: फौजदाराला जिथे पाऊल टाकता येत नाही तिथे ती चहाचा पेला घेऊन बसू शकते.

एक उदाहरण रचून बघू. सदाशिव पेठेतला वाडा, साल 1895. त्रयोदशीच्या रात्री जेवणानंतर घरचे कर्ते गेले. खिरीत सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, होता. फौजदार ओसरीवर बसून जबानी घेतो. थोरला मुलगा सांगतो, बायको स्वयंपाकघरात नव्हती, तिची प्रकृती बरी नव्हती. फौजदार 'आजारी' असं लिहून पुढे जातो. खोदून विचारायची त्यालाही लाज, सांगायची यालाही लाज.

आपली नायिका मागच्या दाराने येते. विधवेचं आलवण नेसलेल्या आत्याबाई वाती वळत बसल्यात. त्यांच्याकडून कळतं की थोरलीला कावळा शिवला होता, ती बाजूला बसली होती. म्हणजे चुलीला हात लावणं शक्यच नाही. सुटली! पण वात वळता वळता म्हातारी स्वतःशीच पुटपुटते, "पंचमीला तर न्हाली ना गं ती? आठ दिवसांत पुन्हा कसा शिवला?"

झालं. बाजूला बसलेल्या बाईला कुणी शिवत नाही, तिच्या खोलीत कुणी डोकावत नाही, ती रात्री कुठे होती हे कुणी सांगू शकत नाही. सोवळ्याओवळ्याचा नियमच तिने आडोशासाठी वापरला. हा पुरावा पोलिसांच्या कुठल्याही कागदावर कधीच येणार नव्हता. आता नायिकेपुढचा पेच बघा: हे ओसरीवर जाऊन पुरुषांपुढे कोणत्या शब्दांत सांगायचं? आणि सांगितल्यावर आत्याबाईंचं त्या घरात काय होईल?

अशा जागा शोधा. कासाराला कुणी नव्या बांगड्या भरून घेतल्या ते माहीत असतं, सुईणीला तारखा माहीत असतात.

जात विसरणं

'बायकांना आत जाता येतं' हे अर्धंच खरं. कोणत्या बाईला, कुठपर्यंत? नायिका ख्रिस्ती किंवा पारशी असेल तर सोवळ्यातलं स्वयंपाकघर तिला बंदच; तिला पडवीत बसवतील, पेला वेगळा देतील, गेल्यावर जागा सारवून घेतील. दलित घरातली असेल तर वाड्याचं दारही नाही. मग तिला खबर देणारी दुसरी कुणीतरी लागेल, आणि ती खबर का देते यालाही कारण लागेल. हा प्रश्न टाळणारी कथा फार गुळगुळीत होते.

फौजदार फारच मदत करतो

देखणा, समजूतदार पोलीस अधिकारी येऊन तपासाचे कागद नायिकेपुढे ठेवतो. नको. मुंबई शहरात संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर हा खास त्यासाठी नेमलेला अधिकारी ज्युरीसमोर करत असे आणि तिच्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून येत. गावाकडे कॉरोनर नाही, तिथे पोलीस आणि पंच. नायिकेला माहिती या वाटांनी मिळवू द्या. आणि शेवटच्या प्रकरणात याच अधिकाऱ्याशी तिचं लग्न लावायचा मोहही आवरा.

तिची सगळी मतं आजची असणं

सगळेजण मागासलेले आणि नायिका एकटी 2020 मधली, हे वाचकाला लगेच कळतं. कॉर्नेलिया सोराबजी ब्रिटिश राज्याच्या समर्थक होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा कडाडून विरोध होता. ज्या बाईने इतक्या भिंती पाडल्या तिचं हे मत आपल्याला पचत नाही. म्हणूनच ती खरी वाटते. तुमच्या नायिकेलाही एखादं तरी असं मत असू द्या जे तुम्हाला स्वतःला आवडत नाही. त्याच मतामुळे तिचा एखादा अंदाज चुकला तर उत्तमच.

कथा मध्येच अडकली तर

बहुतेक वेळा लेखक दुसरा खून घडवतो. त्याऐवजी त्या काळचे कायदे चाळा. 1904 पासून कॉर्नेलियाबाई बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी, म्हणजे अशा वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यासाठी, पडद्यातल्या विधवांची आणि पोरक्या वारसांची कामं बघत. पडदानशीन बाईला कोर्टात हजर राहण्यापासून सूट होती, तिची साक्ष घरी जाऊन घेतली जाई. तिने केलेल्या दस्ताबद्दल तंटा झाला तर तो तिला नीट समजावून सांगितला होता हे, ज्याचा त्यात फायदा त्यालाच सिद्ध करावं लागे. आता विचार करा: पडद्याआडून एक हात बाहेर आला, कागदावर अंगठा उठला, दोन पुरुष साक्षीदारांनी सह्या केल्या. पडद्याआड नक्की कोण होतं, हे त्या दोघांपैकी एकानेही पाहिलेलं नाही. पडदा बाजूला करून आत जाऊ शकणारी एकच व्यक्ती तुमच्या कथेत आहे.