सेल्फ नुसता टक करायचा, बॅटरी मात्र ठणठणीत

गाडीची चावी फिरवली की एकच टक आवाज आणि पुढे काही नाही, इंजिन ढिम्म. अशा वेळी सगळे आधी बॅटरी बदला म्हणतात, पण हेडलाईट फुल्ल होते आणि मल्टीमीटरवर 12.6 व्होल्ट, म्हणजे चार्ज तर पूर्ण होता.

होतं काय, चावीचा छोटा करंट रिलेमार्फत (विजेवर चालणारा छोटा स्विच) सोलेनॉइडला (स्टार्टरवरचा चुंबकी स्विच) जातो, सोलेनॉइड स्टार्टरचं, म्हणजे सेल्फच्या मोटरचं, पिनियन (छोटं दातेरी चाक) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनचं मोठं चाक) दात्यांत अडकवतो आणि त्याच वेळी आतले जाड कॉन्टॅक्ट जोडतो. मग मोटर बॅटरीतून सरळ 100-200 अँपिअर ओढते. टक आवाज सोलेनॉइडचा, त्याला करंट कमी लागतो म्हणून तो हलतो, मोटर मात्र उपाशी.

आता खरी टेस्ट. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस पोलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं (गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून!). अर्धा व्होल्टच्या आत यायला हवं, माझ्याकडे 6 च्या वर आलं. म्हणजे व्होल्टेज वाटेतच खात होती अर्थिंगची पट्टी (इंजिनला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी). बोल्टखाली हिरवट गंज होता. हेडलाईटचं अर्थिंग बॉडीला वेगळं असतं म्हणून ते झकास चालू होते, आणि माणूस इथेच फसतो.

बॅटरीचा मायनस काढून पट्टीची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट कडक आवळला, वर थोडं ग्रीस. पहिल्याच सेल्फला गाडी चालू! प्लस बाजूची केबलपण अशीच तपासता येते, पिना बॅटरीचा प्लस आणि स्टार्टरचा जाड बोल्ट इथे लावायच्या.