विचारावे लागू नये, अशा पाट्या कशा लावाव्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कोणत्याही वर्दळीच्या इमारतीत दारातल्या शिपायाला दिवसभर तेच चार प्रश्न ऐकावे लागतात. तिथली खरी पाटी तोच असतो, आणि तो जेवायला गेला की इमारत मुकी होते. म्हणून दवाखाना, पतसंस्था किंवा पंचायत, कुठेही फलक लावायचे असतील, तर सुरुवात पेंटरकडून न करता शिपायाकडून करावी.

आठवडाभर त्याच्याजवळ एक वही ठेवून, लोक काय विचारतात आणि कुठे उभे राहून विचारतात, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. जमिनीच्या ज्या कागदाला कर्नाटकात पहाणी म्हणतात, त्याला आपला शेतकरी उतारा म्हणतो, आणि तो शब्द इकडच्या कन्नड शेतकऱ्याच्याही तोंडी आहे; तेव्हा खिडकीवर ‘भूमी अभिलेख वितरण कक्ष’ असे लिहिण्यापेक्षा ‘उतारा इथे मिळेल’ एवढे लिहिले, तर दोघांचेही काम भागते.

यानंतर फाटकापासून चालत निघावे आणि वाट जिथे जिथे फुटते, तिथे भिंतीवर खडूने खूण करावी. गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्यात खेड्यातून आलेल्या एक आजी केसपेपर हातात धरून औषधांच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांना काढायचा होता एक्स-रे. पाटी नव्हती असे नाही, पण ती एक्स-रेच्या दारावरच होती, म्हणजे खोली सापडल्यावर वाचायची. ती खरे तर जिन्यापाशी हवी होती. शिवाय वर टोक असलेला बाण ‘सरळ जा’ असेही सांगतो आणि ‘वर जा’ असेही, त्यामुळे जिन्याशी ‘पहिला मजला’ हे शब्द लिहावेतच.

मजकूर ठरला की भाषांची मांडणी करावी. कर्नाटकाच्या कन्नड भाषेविषयीच्या कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकाने, दवाखाने, हॉटेले यांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, असणे बंधनकारक आहे. उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी बसवायची म्हटल्यावर पेंटर अक्षरे बारीक करतो; त्यापेक्षा शब्दच कमी करावेत. ‘रक्त तपासणी’ पुरते, ‘विभाग’ नको. आणखी एक बारकावा असा, की कन्नड जोडाक्षरांचे ओत्तक्षर, म्हणजे जोडले जाणारे दुसरे अक्षर, ओळीखाली लोंबते, तर आपल्या वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, म्हणून या दोन ओळींमध्ये नेहमीपेक्षा जास्त अंतर न सोडल्यास दोन्ही लिप्या एकमेकींत अडकतात. खोल्यांचे आणि खिडक्यांचे क्रमांक मोबाइलवर दिसणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंकांत द्यावेत, कारण कन्नड आणि देवनागरी अंक वेगळे असले तरी हे अंक सगळ्यांच्या ओळखीचे असतात.

तीन मीटरवरून सहज वाचता यावे यासाठी अक्षराची उंची सुमारे २५ मिलिमीटर असावी, बारा मीटरसाठी १०० मिलिमीटर. देवनागरीत ती मात्रा सोडून मोजावी. गडद पार्श्वभूमीवर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे अक्षर चालते, पिवळ्यावरचे पांढरे चालत नाही. चकचकीत फ्लेक्स खिडकीसमोर लावल्यास उजेड परावर्तित होऊन काहीच वाचता येत नाही. फलक रांगेतल्या माणसांच्या डोक्यांच्या वर असावा, आणि लांबलचक व्हरांड्यात तो भिंतीला चिकटवण्याऐवजी भिंतीशी काटकोनात बाहेर काढावा.

हे सगळे पहिले पंधरा दिवस पुठ्ठ्यावर मार्करने लिहून लावावे. मग त्या इमारतीत कधीच न आलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या हाती केसपेपर देऊन, एक शब्दही न बोलता त्याच्या मागोमाग चालावे. तो जिथे थबकेल किंवा ज्याला-त्याला विचारू लागेल, तिथला पुठ्ठा हलवावा किंवा नवा लावावा, जुने फाटके कागद उतरवावेत, आणि नंतरच पेंटरला बोलवावे.