पर्ज व्हॉल्व्हच्या सर्किटमधील दोष कसा शोधावा

पेट्रोलच्या टाकीत तयार होणारी वाफ हवेत जाऊ न देता कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये धरून ठेवली जाते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, ओढली जाते. चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०४४३, पी०४४४ किंवा पी०४४५ हा कोड दिसला, की अनेक जण लगेच नवा व्हॉल्व्ह आणतात. वास्तविक हे कोड संपूर्ण सर्किटविषयी असतात, त्यामुळे दोष फ्यूजपासून ईसीएमपर्यंत (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) कोठेही असू शकतो. पी०४५५ सारखा गळतीचा कोड असेल, तर मात्र आधी टाकीचे झाकण आणि नळ्या तपासाव्यात.

इग्निशन बंद करून व्हॉल्व्हचा दोन तारांचा कपलर काढावा आणि पिनांवर हिरवट गंज आहे का, एखादी पिन सैल झाली आहे का, हे उजेडात नीट पाहावे. त्यानंतर इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करून पुरवठ्याच्या तारेवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का, ते मोजावे. येथे केवळ मल्टिमीटरवर विसंबू नये. उंदराने कुरतडलेल्या तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर निमूटपणे १२ व्होल्ट दाखवतो. त्याच तारेवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावला, की तो मिणमिणतो आणि तारेचे खरे रूप उघडे पडते. पुरवठाच नसेल, तर फ्यूज आणि रिले पाहावेत. हा फ्यूज अनेकदा इतर भागांनाही सामाईक असतो, म्हणून सोबत आलेले कोडही वाचावेत.

पुरवठा ठीक असल्यास व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध मोजावा. बऱ्याच गाड्यांत तो साधारण २० ते ३० ओहम असतो, तरी अंतिम प्रमाण त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचेच मानावे. अनंत रोध म्हणजे कॉइल तुटलेली, शून्याजवळचा रोध म्हणजे ती शॉर्ट झालेली.

कॉइलही चांगली निघाली, तर उरते ती ईसीएमकडे जाणारी तार, कारण बहुतेक गाड्यांत ईसीएम हा व्हॉल्व्ह अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूने चालू-बंद करतो. कपलरच्या दोन पिनांमध्ये एलईडीचा टेस्ट लॅम्प लावून स्कॅनरने व्हॉल्व्ह चालवल्यास तो लुकलुकला पाहिजे; येथे मोठा बल्ब लावू नये, त्याच्या करंटने ईसीएममधील ड्रायव्हर जळू शकतो. लॅम्प लुकलुकत नसेल, तर बॅटरी सोडवून ईसीएमचा कपलर काढावा आणि त्या तारेची दोन टोकांमधील सलगता तपासावी. तिला बॉडीशी मात्र सलगता मिळता कामा नये. तार निर्दोष ठरल्यावरच ईसीएमवर संशय घ्यावा.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी चालवावी. इंजिन तापल्यावरच कोड परत येत असेल, तर कॉइलचा रोध व्हॉल्व्ह गरम असतानाच पुन्हा मोजावा.