माकड आणि चिचुंद्री: दोघांना एकच इलाज करताय? या चुका टाळा

कुळागराला (माड-पोफळीच्या बागेला) लागून घर असलं की दिवसा माकडं आणि रात्री चिचुंद्री हे गोव्यात ठरलेलंच, पण लोक दोघांनाही तोच इलाज करतात, घाबरवा नाहीतर विष घाला, आणि तो दोन्हीकडे फसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिचुंद्रीला उंदीर समजणं. ती उंदरांच्या गटातलीच नाही. नीट बघा, टोकदार नाक खालच्या जबड्याच्या बरंच पुढे आलेलं आणि सतत हलणारं, डोळे टाचणीच्या डोक्याएवढे, शेपूट बुडाशी जाड नि त्यावर तुरळक लांब केस. नजर अधू, म्हणून भिंतीला चिकटून वास घेत पळते. तिचं मुख्य खाणं झुरळं आणि किडे, म्हणजे ती तुमचं कामच करतेय, मग विष कशाला? फडताळामागे मेली तर वास जाता जात नाही आणि तेच विष घरचं मांजर खातं ते वेगळंच. न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी लावा, मागच्या दाराखालची फट बुजवा, कुत्र्याचं ताट रात्री उचलून ठेवा, बस्स. आणि कधी आईमागे पिल्लांची रांग दिसली, प्रत्येकाने पुढच्याला शेपटीच्या बुडाशी तोंडात धरलेलं, तर प्लीज झाडू उचलू नका, दार उघडून वाट द्या.

माकडाचं उलट आहे, ते डोळ्यांनी बघतं आणि लक्षात ठेवतं. फटाके चार दिवस चालतात, मग त्याला कळतं की नुसता आवाज आहे. डोक्यावर केसांची टोपी असलेलं हे माकड भारताच्या दक्षिणेकडच्या भागाबाहेर मूळचं कुठेच नाही, काळ्या तोंडाचं वानर वेगळं. माकडाच्या गालात पिशव्या असतात, म्हणून ओट्यावरची केळी दोन सेकंदात कोंबून ते माडावर जाऊन निवांत खातं. त्यामुळे खिडकीतून खाणं दिसूच देऊ नका, कचऱ्याला घट्ट झाकण ठेवा. चोर्ला घाटात, दूधसागरला गाडीतून चिप्स देणारे तर हद्दच करतात, अशी माकडं मग माणसाच्या पिशवीवरच झडप घालतात. दात दाखवले म्हणजे हसतंय असंही नाही, ते घाबरलेलं असतं, तेव्हा सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, लगेच हॉस्पिटल गाठा, रेबीजची लस टाळू नका.

रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचाच नाही. माकडताप हा आजार अशा माकडावरच्या गोचिडीमुळे पसरतो, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याने माणसं गेलीत. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याला कळवा, आणि त्या वाटेने जाऊन आल्यावर ताप भरला तर डॉक्टरला ते आवर्जून सांगा.